रक्तातून आजार आला, आता पुरावाही आम्हीच आणायचा?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. सदस्य, राज्य रक्त संक्रमण परिषद

विषय : दूषित रक्तातून संसर्ग झालेल्या थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना नुकसानभरपाई व आयुष्यभराचे उपचार मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

या पत्राखाली खरे तर पाच-सात कुटुंबांच्या सह्या हव्या होत्या. मसुदा सगळ्यांनी वाचला, कुठे काय राहिले तेही सांगितले. सही मात्र कोणी केली नाही. त्यांच्या मुलांना थॅलेसेमिया आहे हे गावाला ठाऊक आहे. रक्त घेता घेता मुलाला एचआयव्ही झाला, हे घरातल्या आजी-आजोबांनाही सांगितलेले नाही. सही केली तर आधी शाळेतून निरोप येईल आणि मग घरमालकाकडून, ही त्यांची भीती; आणि ती खोटी आहे असे मी त्यांना सांगू शकलो नाही. म्हणून मी लिहितो आहे. माझ्या मुलीलाही थॅलेसेमिया मेजर आहे. तिच्या वाट्याला रक्तातून हेपॅटायटिस सी हा यकृताचा आजार आला आणि औषधाने गेला. त्या मानाने आम्ही सुटलो. सुटलेल्या माणसाला बोलणे सोपे जाते, एवढाच माझा अधिकार.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र फाईलला लागण्यापूर्वी निदान तेवढे तरी वाचले जाईल. सरकारने परवाना दिलेल्या रक्तकेंद्रातल्या रक्तामुळे ज्याला संसर्ग झाला, त्याला चूक कोणाची हे सिद्ध करायला न लावता भरपाई द्या. आणि त्याचा मूळचा आजार व हा पदरात पडलेला आजार, दोन्हींवर एकाच ठिकाणी, जन्मभर, विनामूल्य उपचार करा. पुढचे सगळे पत्र 'चूक सिद्ध करायला न लावता' या शब्दांवर आम्ही का अडून बसलो आहोत, त्याबद्दल आहे.

थॅलेसेमिया मेजर म्हणजे काय हे परिषदेच्या सदस्यांना सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. मंत्रिमहोदयांसाठी दोन वाक्ये. या मुलांच्या शरीरात तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत, झाल्या तरी टिकत नाहीत, म्हणून वर्षाच्या आतबाहेर असल्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनी त्यांना दुसऱ्याचे रक्त चढवावे लागते. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास आले की मूल मलूल होते, चिडचिड करते, जिना चढताना थांबते, आणि आई न तपासताच ओळखते की तारीख जवळ आली. वय वाढले, वजन वाढले की एका खेपेला दोन पिशव्या लागतात. वर्षाला पंचवीस-तीस पिशव्या धरल्या तरी पंधरा-सोळा वर्षांचे होईपर्यंत एका मुलाच्या अंगात कितीतरी शेकडो अनोळखी माणसांचे रक्त गेलेले असते. त्यातली एकही पिशवी नाकारण्याची सोय मुलाला नसते. रक्त घेतले नाही तर ते जगत नाही.

मुलांना रक्त चढवतात त्या आमच्या डे-केअरमधल्या आयांना एक सवय आहे. प्रत्येकीजवळ वही असते. मी जी सांगतो आहे ती एका बाईंची, शंभर पानी, खाकी कव्हर घातलेली, शाळेच्या वहीसारखीच. डाव्या बाजूला तारीख, वजन, रक्त चढवण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन. उजव्या बाजूला पिशवीचा क्रमांक, रक्तगट, रक्त घेतल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, रक्तकेंद्राचे नाव. जमेल तेव्हा पिशवीवरचे लेबलच अलगद सोडवून चिकटवलेले. त्यावर एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया या पाचांपुढे 'निगेटिव्ह' छापलेले. काही लेबलांवर रक्ताचा डाग आहे, तो तसाच वाळला आहे. या बाईंच्या मुलाची एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा चौकशीला आलेल्यांनी सगळ्यात आधी ही वही मागितली. झेरॉक्स काढल्या. मग सांगण्यात आले की सुरुवातीच्या पिशव्यांच्या नोंदी आता सापडणार नाहीत, नियमाप्रमाणे पाच वर्षांपर्यंतच ठेवाव्या लागतात. म्हणजे परवानाधारक केंद्राचे दप्तर संपले तिथे सातवी शिकलेल्या आईची वही पुढे चालू होती. आणि तरीही त्या चौकशीत पुरावा देण्याची जबाबदारी तिच्यावरच!

आता ही चौकशी कशी चालते ते पाहा. मुलाने गेल्या काही वर्षांत तीन-चार रक्तकेंद्रांतून रक्त घेतलेले असते, कारण एकाच ठिकाणी त्याच्या गटाची पिशवी नेहमी मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीत तर जिथे मिळेल तिथून आणायची. प्रत्येक केंद्र आपले रजिस्टर दाखवते : आम्ही पाचही चाचण्या केल्या, सगळ्या निगेटिव्ह होत्या. बहुतेक वेळा ते खरेही असते. विषाणू अंगात शिरल्यावर तो चाचणीत दिसेपर्यंत मध्ये काही दिवस जातात, त्याला 'विंडो पीरियड' म्हणतात. एचआयव्हीसाठी एलायझा चाचणीत हा काळ साधारण दोन-तीन आठवड्यांचा असू शकतो. हेपॅटायटिस सीची फक्त अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रथिन) तपासली तर दोन महिन्यांच्याही पुढे जातो. विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणारी 'नॅट' चाचणी हा काळ बराच कमी करते, पण शून्यावर आणत नाही. त्या दिवसांत कोणी शिबिरात येऊन रक्त दिले, तर त्याला स्वतःलाही पत्ता नसतो, तंत्रज्ञालाही नसतो, पिशवीवर 'निगेटिव्ह' छापले जाते आणि ती पिशवी आमच्या मुलापर्यंत येते.

मग दोष कोणाचा? रक्तदात्याचा नाही. मी स्वतः वर्षानुवर्षे शिबिरांसाठी माणसे गोळा करतो. रक्तदात्यांवर रोष धरायला लागलो तर आमची मुले दोन महिन्यांत संपतील. तंत्रज्ञाने हलगर्जी केली असेल, चाचणीचे किट नीट साठवले नसेल, तर तो गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा व्हावी. पण तो छडा लागो न लागो, मुलाच्या अंगात विषाणू आहेच. चौकशीचे गुऱ्हाळ आणि मुलाचे औषधपाणी यांची सांगड घालू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही तुरळक प्रकरणे आहेत असे कोणी म्हणेल, म्हणून माहीत असलेले सांगतो. २०११ मध्ये गुजरातेतल्या जुनागढमध्ये थॅलेसेमियाची २३ मुले एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली. २०२२ मध्ये आपल्याच नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याचे उघड झाले, त्यातले एक दगावले, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्याला नोटीस काढली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झारखंडच्या चाईबासामधली पाच मुले. मग मध्य प्रदेशातल्या सतन्याहून तशीच बातमी. माहितीच्या अधिकारात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनेच दिलेला आकडा असा होता की ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २,२३४ जणांना रक्तातून एचआयव्हीची लागण झाल्याची नोंद आहे. त्यात महाराष्ट्रातले २७६. गदारोळ झाल्यावर संस्थेने खुलासा केला की समुपदेशकासमोर रुग्णाने स्वतः सांगितलेले कारण आम्ही लिहून घेतले, ते तपासून पाहिलेले नाही. खुलासा मान्य. पण २,२३४ माणसे सांगतात की आजार रक्तातून आला, सरकार ते लिहून घेते, आणि पडताळा कोणीच करत नाही. हा खुलासा आहे की कबुली, ते आपणच ठरवा.

न्यायालयात जा, असा सल्ला आम्हाला अधूनमधून मिळतो. एक माणूस गेला होता. हवाई दलातला. २००२ मध्ये, संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौजा उभ्या होत्या तेव्हा, तो आजारी पडला आणि जम्मूजवळच्या सांबा इथल्या लष्करी रुग्णालयात त्याला रक्ताची एक पिशवी चढवली गेली. एचआयव्ही असल्याचे निदान २०१४ मध्ये झाले. लष्कराच्याच वैद्यकीय मंडळाने आजाराचा संबंध त्या रक्ताशी जोडला, तरीही भरपाई नाकारली गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही तक्रार फेटाळली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२३ रोजी हवाई दल आणि सेनादल दोघांनाही जबाबदार धरले आणि त्याला १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. वस्तुस्थितीच इतकी बोलकी आहे की हलगर्जीचा वेगळा पुरावा मागण्याची गरज नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

या निकालाने आम्हाला धीर आला आणि घामही फुटला. त्याने एकच पिशवी घेतली होती. जागा ठाऊक होती, महिना ठाऊक होता, रुग्णालय एकच होते, कागद लष्कराचे होते. तरी रक्त घेतल्यापासून निकालापर्यंत एकवीस वर्षे गेली. ज्या मुलाने चार केंद्रांतून तीनशे पिशव्या घेतल्या, त्याची आई रोजंदारीवर जाते आणि वकील करायचा तर आधी मुलाचा आजार वकिलाला सांगावा लागतो, त्याचे काय होणार? दुसरीकडे चाईबासाच्या मुलांना सरकारने प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर केले. तोच विषाणू, तोच देश. एकाला दीड कोटी, दुसऱ्याला दोन लाख, आणि नागपूरच्या, धुळ्याच्या, गडचिरोलीच्या मुलाला काय, ते कुठे लिहिलेलेच नाही. बातमी किती मोठी झाली आणि अधिवेशन चालू होते की नाही, यावर आकडा ठरत असेल तर त्याला बोळवण म्हणतात.

चूक न बघता भरपाई देणे ही आम्ही परदेशातून उचलून आणलेली कल्पना नाही. रेल्वेचा अपघात झाला तर रेल्वेची चूक असो वा नसो, कायद्याने भरपाई मिळते. मृत्यूसाठी ती २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. सरकारी कार्यक्रमात केलेली नसबंदी अयशस्वी ठरली तर सरकार पैसे देते, सर्जनचा हात चुकला का हे आधी विचारत नाही. आणि आमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा नियम औषधांच्या चाचण्यांचा आहे. २०१९ च्या नियमांनुसार, चाचणीत भाग घेतलेल्याला इजा झाली तर उपचार लगेच आणि फुकट सुरू करायचे; त्या इजेचा चाचणीशी संबंध नाही असे ठरले तरच ते थांबवता येतात. आधी उपचार, मग कारणाचा शोध. रक्त हेही आपल्या कायद्याने औषधच आहे, औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालीच त्याला परवाना मिळतो. मग नव्या गोळीची चाचणी घेणाऱ्या प्रौढ माणसाला जे संरक्षण आहे, ते रक्ताशिवाय पर्यायच नसलेल्या दोन वर्षांच्या पोराला का नाही?

बाहेरच्या देशांकडे बघायचेच तर त्यांनी कुठे ठेचा खाल्ल्या ते बघण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १९७० पासून पुढच्या दोन दशकांत दूषित रक्त आणि रक्त नीट न गोठण्याच्या आजारासाठी, म्हणजे हिमोफिलियासाठी, दिलेल्या फॅक्टर या रक्तापासून बनवलेल्या औषधामुळे तीस हजारांवर माणसांना एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस झाला आणि सुमारे तीन हजार त्यात गेली. सरकारांनी वर्षानुवर्षे अनुदानाचे तुकडे टाकले, जबाबदारी कधी घेतली नाही. न्यायमूर्ती ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल आला तो २० मे २०२४ रोजी. सत्य दडवले गेले, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पण एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची करवून घेतली : अंतिम अहवालाची वाट न पाहता २०२२ मध्येच हयात रुग्णांना आणि मृतांच्या जोडीदारांना प्रत्येकी १ लाख पौंड अंतरिम रक्कम मिळाली. माणसे चौकशी चालू असतानाच मरत होती. पुढे भरपाईसाठी वेगळे प्राधिकरण झाले आणि सरकारला ११.८ अब्ज पौंडांची तरतूद करावी लागली. उशिराची किंमत ही अशी असते.

कॅनडाने दुसरी चूक केली. १९८६ ते १९९० या काळात ज्यांना रक्तातून हेपॅटायटिस सी झाला त्यांनाच आधी भरपाई दिली, कारण त्या वर्षांत चाचणी उपलब्ध असून वापरली नव्हती, म्हणजे 'चूक' दाखवता येत होती. १९८५ मध्ये तोच विषाणू मिळालेला माणूस रांगेबाहेर. त्यांच्यासाठी तडजोड व्हायला २००६ उजाडले. आपल्याकडे योजना झालीच तर तिच्यात 'अमुक तारखेनंतरचेच रुग्ण' हे वाक्य कोणी तरी हळूच घालणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. कृपया घालू देऊ नका.

आयर्लंडचे मात्र घेण्यासारखे आहे. तिथे बाळंतपणानंतर दिल्या जाणाऱ्या अँटी-डी इंजेक्शनातून शेकडो बायकांना हेपॅटायटिस सी झाला होता. १९९४ मध्ये ते उघड झाले. भरपाईसाठी न्यायाधिकरण तर नेमलेच, पण १९९६ मध्ये कायदा करून अशा प्रत्येक रुग्णाला एक आरोग्यपत्र दिले. ते दाखवले की डॉक्टर, औषधे, दात, डोळे, समुपदेशन, घरी परिचारिका, सगळे विनामूल्य आणि जन्मभर. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. भरपाईचा पैसा संपला तरी हे पत्र संपत नाही. आमच्या कुटुंबांना पैशाहूनही या पत्राचा हेवा वाटतो.

कारण खरा जाच उपचारांचा आहे. तुम्ही म्हणाल, एचआयव्हीची औषधे सरकार फुकट देते. देते, आणि चांगली देते, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण मूल एक आणि त्याची खाती दोन झाली आहेत. रक्त एका इमारतीत चढते, एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरची, गोळी दुसऱ्या इमारतीत मिळते, कधी दुसऱ्या गावी. दोन्हीकडचे वार वेगळे, केसपेपर वेगळे, आणि आईच्या दोन मजुऱ्या बुडतात. तेही सोसता येईल. पण डॉक्टर एकमेकांचे कागद बघत नाहीत हे सोसता येत नाही. झिडोवुडिन हे एचआयव्हीचे जुने औषध रक्त कमी करू शकते. ते थॅलेसेमियाच्या मुलाला दिले तर त्याची पिशवीची गरज आणखी वाढते. टेनोफोव्हिर मूत्रपिंडावर ताण आणते. आणि वारंवार रक्त घेतल्याने साठलेले लोह काढायला आमची मुले रोज जी डेफेरासिरॉक्सची गोळी घेतात, तीही मूत्रपिंडावरच ताण आणते. दोन्ही एकत्र चालू असतील तर क्रिएटिनीनवर, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीवर, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे लागते. हे कोण ठेवते? ज्या आईला फेरिटिन (साठलेल्या लोहाची चाचणी) आणि क्रिएटिनीन हे दोन शब्द वाचता येतात, ती ठेवते. ज्या आईला येत नाहीत, तिच्या मुलाचे नशीब.

माझ्या मुलीचे सांगतो, कारण तिच्याबद्दल सांगायला मला तिची परवानगी आहे. हेपॅटायटिस सी निघाला तेव्हा नव्या गोळ्या आलेल्या नव्हत्या. इंटरफेरॉनचे इंजेक्शन दर आठवड्याला, सोबत रायबाव्हिरिन. इंजेक्शनच्या रात्री ताप, दुसऱ्या दिवशी शाळा नाही, उशीवर केस. त्यात रायबाव्हिरिन तांबड्या पेशी फोडते. म्हणजे रक्तातून आलेला आजार घालवायला तिला आणखी रक्त घ्यावे लागत होते. पिशव्यांमधले अंतर पंधरा दिवसांवर आले. सगळा खर्च आमचा, खुर्द्यासकट. एवढे करून विषाणू गेला नाहीच. तो गेला पुढे, सरकारच्या हेपॅटायटिस कार्यक्रमात, बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी. हा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला आणि माझ्या मते आपल्या आरोग्य खात्याने अलीकडे केलेल्या थोड्या निर्भेळ चांगल्या कामांपैकी ते एक आहे. पण विषाणू गेला म्हणजे हिशेब मिटला असे समजू नका. त्या वर्षांत यकृताला जी इजा झाली ती झालीच, आणि त्याच यकृतात लोहही साठते आहे. योजनेत 'बरे झालेले' रुग्ण धरले नाहीत तर हेपॅटायटिस सीचे जवळजवळ सगळेच बाहेर राहतील.

आणखी एक प्रकार अठराव्या वर्षी होतो. मूल तोवर बालरोग विभागाचे असते, सिस्टरांना नावानिशी ठाऊक असते. अठरा झाले की ते मोठ्यांच्या वॉर्डात जाते आणि तिथे थॅलेसेमियाचा रुग्ण एवढा मोठा होतो हेच काहींना नवल वाटते. त्यात एचआयव्हीचा शेरा असला की सलाइन लावायला कोणी पुढे येत नाही. दात काढायचा असो की पित्ताशयातले खडे, 'मोठ्या रुग्णालयात जा' हे उत्तर. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ अशा नकाराला बंदी करतो. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायचा अशी त्यात तरतूद आहे. ज्या डे-केअरमध्ये मी इतकी वर्षे बसलो, तिथल्या भिंतीवर त्या लोकपालाचे नाव किंवा फोन नंबर मला कधी दिसला नाही. लस, स्तनपान, हात धुणे, सगळ्याचे फलक आहेत.

तेव्हा प्रत्येक विभागात एक तरी केंद्र असे करा जिथे रक्त, एआरटी, यकृत आणि लोहाची तपासणी एका दिवशी, एका केसपेपरवर होईल, आणि वय वाढले म्हणून खाते बदलणार नाही. आणि समुपदेशक असा द्या ज्याला चौदा वर्षांच्या मुलाशी बोलता येते. आई-बापांना सगळ्यात अवघड जाते ते हेच. 'तुला आणखी एक गोळी का आहे' या प्रश्नाला वर्षानुवर्षे जीवनसत्त्वाची आहे असे उत्तर देत राहिलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि मुले एक दिवस मोबाईलवर गोळीचे नाव शोधतात.

पुराव्याचे काय, असा प्रश्न विधी विभाग विचारणारच. आमचे उत्तर सोपे आहे. नियमित रक्त घेणारे मूल, संसर्ग पूर्वी नव्हता आणि आता आहे, आईची चाचणी निगेटिव्ह. एवढ्यावर रक्तातूनच आला असे गृहीत धरा. नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करावे. मोठ्या रुग्णांच्या बाबतीत मात्र चौकशी लगेच चारित्र्यावर घसरते. 'आणखी कुठून झाला नसेल कशावरून' हे प्रश्न एका तरुण सिकलसेल रुग्णाला त्याच्या बायकोसमोर विचारले गेले, हे मला ठाऊक आहे. तिथेही शंकेचा फायदा रुग्णालाच द्या. दहा खऱ्या रुग्णांसोबत एखादा खोटा आत आला तर सरकारचे थोडे पैसे जातील. हिमोफिलियाच्या जुन्या पिढीकडे तर कागदही नाहीत. त्यांना फॅक्टर आणि क्रायो (रक्तापासूनच काढलेला घटक) दिले गेले तेव्हा या चाचण्याच धड सुरू झालेल्या नव्हत्या. एचआयव्हीची चाचणी १९८९ मध्ये सक्तीची झाली, हेपॅटायटिस सीची त्यानंतर दहा-बारा वर्षांनी.

नोंदी पाच वर्षांनी नष्ट करण्याचा नियम बदला. संगणकाच्या काळात तीस वर्षांच्या नोंदी ठेवायला गोदाम लागत नाही. आणि एखादा रक्तदाता पुढच्या शिबिरात पॉझिटिव्ह निघाला, तर त्याचे आधीचे रक्त कोणाकोणाला गेले याचा माग काढून त्या रुग्णांना बोलावणे केंद्रांना बंधनकारक करा. आज मूल आजारी पडून चाचणी होते तेव्हाच कळते. लवकर कळले तर औषध लवकर सुरू होते.

नॅट चाचणीबद्दल थोडक्यात, कारण तो या पत्राचा विषय नव्हे. राज्यातल्या मोठ्या केंद्रांत ती होते, सगळीकडे नाही, आणि देशात ती सक्तीची नाही. निदान थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या मुलांसाठी जाणारी प्रत्येक पिशवी नॅट केलेली असावी. खर्च येतो, हे कबूल. पण एका मुलाच्या जन्मभराच्या उपचारांचा हिशेब शेजारी मांडून बघा.

राज्य रक्त संक्रमण परिषदेला एक आठवण द्यावीशी वाटते. परिषदेचा जन्मच सर्वोच्च न्यायालयाच्या ४ जानेवारी १९९६ च्या निकालातून झाला. रक्त विकणाऱ्यांचा बाजार बंद करा, प्रत्येक रक्तपेढीला परवाना घ्यायला लावा, देखरेखीला राष्ट्रीय आणि राज्य परिषदा नेमा, असे त्या निकालात होते. त्यामुळे रक्त कितीतरी सुरक्षित झाले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या निकालात एकच गोष्ट राहून गेली : एवढे करूनही ज्याला संसर्ग होईल त्याचे काय. ती जागा भरण्याचा अधिकार परिषदेला आहे, प्रस्ताव तिने पाठवायचा आहे. पैसा कुठून येईल, हेही अवघड नाही. रक्तकेंद्रे प्रत्येक पिशवीमागे प्रक्रिया शुल्क घेतात. महाराष्ट्रात दरवर्षी लाखो पिशव्या गोळा होतात. त्यातून पिशवीमागे थोडे रुपये आणि तेवढाच वाटा सरकारचा, असा कायमचा निधी उभा राहिला तर कोणाला विधानसभेत बातमी होण्याची वाट पाहावी लागणार नाही. आमच्या मुलांना रक्त विनाशुल्क मिळते, ते तसेच राहू द्या. हा भार त्यांच्या पिशवीवर टाकू नका.

पहिली पॉझिटिव्ह चाचणी पक्की झाली की महिन्याभरात अंतरिम रक्कम, बाकी ठरवायला हवा तेवढा वेळ घ्या. रक्कम ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने जे धरले तेच धरा : बुडालेली कमाई, पुढचे उपचार, सोबतीला लागणारे माणूस आणि भोगलेला त्रास. ज्यांचे मूल गेले आहे, त्या आई-बापांनाही धरा.

शेवटची मागणी क्षुल्लक वाटेल, पण सही न केलेल्या एका बाईंनी ती मला दोनदा सांगितली. पैसे खात्यात थेट जमा होतील तेव्हा पासबुकात योजनेचे नाव छापून येते. त्यांच्या गावात बँकेची एकच शाखा आहे आणि पासबुक छापून देणारा मुलगा त्यांच्या भावकीतला आहे. तेव्हा योजनेचे नाव असे ठेवा की त्यात आजार दिसू नये. अर्ज ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालयातून मागवू नका, उपचार केंद्रातूनच घ्या, आणि लाभार्थ्यांची यादी कुठल्याही भिंतीवर, कुठल्याही संकेतस्थळावर लावू नका. एवढे लेखी मिळाले तर ज्यांच्या सह्या या पत्राखाली नाहीत ती कुटुंबे अर्ज भरायला येतील.

कळावे,

आपला नम्र,
थॅलेसेमिया असलेल्या एका मुलीचा बाप